क्लीव्हलंडच्या २२ विजयांत बॅटनं नक्की काय केलं?

तुझा निरोप वाचला. ‘सर, आमच्या सतरा वर्षांखालच्या मुली सॉफ्टबॉलच्या सलग सात मॅच जिंकल्यात. पहिल्या तीन मॅचमध्ये जेमतेम रन निघाले, आता दहा-बारा निघतायत. नऊच्या नऊ जणी मारतायत. तुम्ही आम्हाला क्लीव्हलंडच्या २२ विजयांची गोष्ट सांगायचात. अख्ख्या टीमची बॅट एकदम कशी चालायला लागते? आणि ती पुढच्या महिन्यापर्यंत चालती ठेवायला सरावात काय वाढवू?’

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तातडीचं आहे. काहीही वाढवू नकोस. एकही बॉल जास्त नाही, एकही नवा ड्रिल नाही. का, ते समजायला पहिल्या प्रश्नाकडे यावं लागेल. क्लीव्हलंडची ती गोष्ट तेव्हा मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती, आज पुरी सांगतो.

२०१७ साल. २४ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर. अमेरिकेतली बेसबॉलची टीम क्लीव्हलंड इंडियन्स (आता या टीमचं नाव गार्डियन्स आहे) सलग २२ मॅच जिंकली. तिथल्या सर्वोच्च स्पर्धेचे, म्हणजे मेजर लीगचे, दोन भाग आहेत; त्यातल्या अमेरिकन लीगमध्ये याच्याआधी २००२ च्या ओकलंडचे २० विजय होते, ते मागे पडले. मेजर लीगच्या इतिहासात याच्या वर फक्त १९१६ च्या न्यूयॉर्क जायंट्सचे २६ विजय आहेत, आणि त्यातही मधे एक बरोबरीची मॅच आहे. क्लीव्हलंडच्या घरच्या बहुतेक मॅच तिथल्या संध्याकाळी ७:१० ला सुरू व्हायच्या, म्हणजे आपल्याकडे पहाटे ४:४० ला. शेवटच्या आठवड्यात मी रोज गजर लावून उठत होतो.

त्या २२ मॅचमध्ये त्यांनी १४२ रन काढले आणि दिले फक्त ३७. होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे मारलेले बॉल, ४१. म्हणजे समोरच्यांनी मिळून जेवढे रन काढले त्याहून यांचे होमरनच जास्त. हा आकडा ऐकला की कुणालाही वाटतं की बॅटनं जिंकलं. मलाही तसंच वाटलं होतं, आणि तुम्हाला मी तेच सांगत आलो.

मग एका सुट्टीत मी बाविसाच्या बावीस मॅचचे रन ओळीनं वहीत लिहिले. तूही लिहून बघ: १३, ४, ४, १२, ६, २, ९, ३, १०, ५, ११, ५, ९, ५, ११, ५, ४, ३, ११, २, ५, ३. आता यातले पाच किंवा त्याहून कमी असलेले आकडे मोज. तेरा आहेत. बावीसपैकी तेरा मॅच त्यांनी पाच किंवा त्याहून कमी रनांत जिंकल्या. त्या तेरा मॅचचे मिळून रन होतात ५०, मॅचमागे चारही नाहीत. उरलेल्या नऊपैकी सहा मॅचमध्ये दहाच्या वर किंवा बरोबर दहा, आणि त्या सहांतच ६८ रन, म्हणजे एकूणाच्या जवळपास निम्मे.

त्या पूर्ण हंगामात त्यांनी १६२ मॅचमध्ये ८१८ रन काढले होते. त्यातले हे १४२ वजा केले तर उरलेल्या १४० मॅचमध्ये सरासरी येते ४.८ च्या आसपास. म्हणजे ज्या काळाला आपण बॅटचा धडाका म्हणतो, त्या काळातल्या निम्म्याहून जास्त मॅचमध्ये त्यांची बॅट जेमतेम नेहमीइतकी किंवा त्याहूनही कमी चालली होती. एखाद्या दिवशी खोऱ्यानं रन निघायचे, मग दोन-तीन दिवस चार-पाचवर भागायचं. धडाका असाच येतो, ढगफुटीसारखा. महिनाभर संततधार लागत नाही.

मग त्या तेरा मॅच जिंकल्या कशा? दुसरी बाजू बघ. हंगामभरात त्यांनी ५६४ रन दिले. त्यातले हे ३७ काढले तर बाकीच्या १४० मॅचमध्ये मॅचमागे पावणेचारच्या जवळ दिले. या २२ मध्ये दिले १.७. म्हणजे बॅटनं मॅचमागे साधारण १.६ रनांची भर घातली आणि पिचिंग-फील्डिंगनं दोनाहून जास्त रन वाचवले. सात मॅचमध्ये समोरच्याला एकही रन नाही. कॅन्सस सिटीविरुद्ध सलग तीन मॅच शून्यावर: ४-०, ४-०, १२-०. विसावा विजय २-० असा, आणि त्यात कोरी क्लूबरनं पूर्ण नऊ इनिंग एकट्यानं टाकल्या. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये त्यालाच मिळाला.

आता तू म्हणशील, पिचिंगचं कौतुक ठीक आहे, पण मी बॅटचं विचारलं होतं. मी बॅटचंच सांगतोय. हे दोन्ही एकमेकांत अडकलेलं आहे आणि बाहेरून बघणाऱ्याला ते दिसत नाही.

तुझी पिचर पहिल्या दोन-तीन इनिंग शून्यावर काढते तेव्हा बॅटिंगला जाणाऱ्या मुलीच्या खांद्यावर ओझं नसतं. ‘मला आत्ताच मारायला पाहिजे’ असं तिला वाटत नाही. ती चांगल्या बॉलची वाट बघते, बाहेरचा सोडते. सोडलेला प्रत्येक बॉल समोरच्या पिचरच्या दंडातून वसूल होतो. चौथ्या-पाचव्या इनिंगला ती पिचर दमते, तिचा बॉल कमरेच्या उंचीला मधोमध यायला लागतो आणि मग आपल्या पाच जणी ओळीनं मारतात. बाकावरचे म्हणतात, लाट आली. खरं तर पहिल्या इनिंगपासून सोडलेल्या बॉल्सचं ते व्याज असतं. मेजर लीगमध्ये याला आणखी एक पदर आहे. टीम पाच-सहा रननं मागे पडली की मॅनेजर आपले चांगले रिलीफ (बदली) पिचर दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवतो आणि हरलेल्या मॅचमध्ये तळातले पिचर टाकतो. आघाडीवरच्या टीमला त्यामुळे आणखी सोपं पिचिंग मिळतं. ११-० आणि १२-० असे फलक असेही फुगतात.

क्लीव्हलंडच्या त्या वर्षीच्या बॅटर्सची घडणही बघण्यासारखी होती. होझे रमिरेझ घे. उंची पावणेसहा फूट, दिसायला कुणी धिप्पाड म्हणणार नाही. त्या हंगामात ५६ डबल (एका फटक्यात दोन बेस), २९ होमरन, बॅटिंगची सरासरी .३१८, आणि स्ट्राईकआउट, म्हणजे तीन स्ट्राईक होऊन आउट, फक्त ६९ वेळा. आजच्या काळात एवढी ताकद आणि एवढे कमी स्ट्राईकआउट हे फार दुर्मीळ. ३ सप्टेंबरला डेट्रॉइटविरुद्ध त्यानं एका मॅचमध्ये पाच वेळा बॅट लावली आणि पाचही वेळा एकाहून जास्त बेस घेतले: दोन होमरन, तीन डबल. मेजर लीगच्या विक्रमाशी बरोबरी. एडविन एनकार्नासिओननं त्या वर्षी ३८ होमरन मारले, पण माझ्या दृष्टीनं त्याचा मोठा आकडा १०४ वॉकचा. इतक्या ताकदीचा माणूस १०४ वेळा बाहेरचे चार-चार बॉल सोडून शांतपणे पहिल्या बेसवर चालत गेला. अशी माणसं क्रमवारीत असली की पुढच्याला बेसवर कुणीतरी सापडतंच. मग पिचरला धावपटूकडेही बघावं लागतं, तो घाईनं टाकतो, पहिल्या बेसचा फील्डर बेसला चिकटून उभा राहतो आणि त्याच्या उजवीकडे मोकळी जागा तयार होते. कालपर्यंत आउट होणारा तोच ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा बॉल, आज हिट होतो, बेस मिळवून देतो. बॅटरनं वेगळं काही केलेलं नसतं.

बॅटिंग संसर्गासारखी पसरते का, याचं माझं उत्तर इतकंच आहे. अंगात काही शिरत नाही. परिस्थिती सोपी होते आणि माहिती पसरते. आउट होऊन आलेली मुलगी डगआउटमध्ये ‘तिचा ड्रॉप (शेवटी खाली पडणारा बॉल) गुडघ्याच्या खाली जातोय, सोडा’ असं सांगते की नाही, याकडे लक्ष दे. ज्या टीमची बॅट चालते तिच्यात आउट झालेल्या मुली बोलतात. बाकीच्या टीममध्ये त्या हेल्मेट आपटून कोपऱ्यात बसतात. मेजर लीगमध्ये ताशी ९५ मैलांचा बॉल पिचरच्या हातून निघाल्यापासून प्लेटवर यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात, आणि मारायचं की सोडायचं हे त्यातल्या पहिल्या निम्म्या वेळात ठरवावं लागतं. आपल्या मुलींच्या पिचरचा वेग कमी, पण अंतरही कमी, त्यामुळे हिशोब फारसा सुटत नाही. एवढ्या वेळात विचार होत नाही, आधीपासून काय शोधायचं हे ठाऊक असलं तर ओळख होते. म्हणून मैत्रिणीनं सांगितलेलं ते एक वाक्य शंभर बॉलच्या सरावाहून मोलाचं.

आणखी एक गोष्ट, जी हरखलेल्या टीमला कुणी सांगत नाही. समोर कोण होतं? ३१ ऑगस्टच्या रात्री डेट्रॉइटनं आपला सगळ्यात मोठा पिचर जस्टिन व्हर्लँडर ह्यूस्टनला देऊन टाकला, आणि दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंड त्यांच्या मैदानावर उतरलं. त्या हंगामात डेट्रॉइट ९८ मॅच हरलं, शिकागो व्हाइट सॉक्स ९५. क्लीव्हलंडच्या बावीसपैकी अकरा मॅच, बरोबर निम्म्या, या दोन टीमविरुद्ध होत्या. यानं विक्रमाचं मोल कमी होत नाही. न्यूयॉर्क यांकीजच्या घरी जाऊन त्यांनी तीनही मॅच जिंकल्या, त्यात एक २-१. मायकल ब्रँटली, जेसन किपनिस, अँड्र्यू मिलर असे बिनीचे लोक त्यातल्या बहुतेक काळात दुखापतीनं बाहेर होते, तरी ही मालिका झाली. पण तू आपल्या सात मॅचकडे बघताना हा प्रश्न स्वतःला विचार. शेवटच्या चार मॅचमध्ये समोरची पिचर कोण होती? तिला विंडमिल, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून बॉल, टाकायला लागून किती महिने झाले होते? जिल्ह्याच्या पहिल्या फेऱ्यांमध्ये नवशिक्या शाळा येतात, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

आता ‘काही वाढवू नकोस’ असं का म्हणालो ते सांगतो. तू खेळायचीस त्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. माझी एक टीम अशीच सलग पाच मॅच जिंकली. मुली नुसत्या तुटून पडत होत्या. मला वाटलं, लोखंड तापलंय, आत्ताच घण घालावा. संध्याकाळच्या सरावात प्रत्येकीला सत्तर बॉलऐवजी दोनशे बॉल द्यायला लागलो. चार दिवस झाले. पाचव्या दिवशी टीवरचा (बॉल ठेवायच्या उभ्या दांडीवरचा) बॉल मारताना आमच्या चौथ्या क्रमांकाच्या मुलीकडे बघत होतो. तिचा पुढचा खांदा बॉलच्या आधीच उघडत होता. हात दमले की शरीर हेच करतं, मनगटांचं काम पाठीवर टाकतं, आणि बॅटचा रस्ता लांबतो. बाहेरून बघणाऱ्याला स्विंग जोरदार दिसतो, बॉलही लांब जातो, कारण सरावात बॉल मधोमधच येतो. मला ते दिसलं, पण मी थांबलो नाही. मुली खूश होत्या, बॉल कुंपणापर्यंत जात होते. उपांत्य फेरीत समोरच्या पिचरनं सगळं बाहेरच्या कडेला टाकलं. उघडलेल्या खांद्यानं तिथवर बॅट पोचतच नाही. सहाव्या इनिंगपर्यंत आम्हाला दोन हिट होत्या. ती चूक मुलींची नव्हती, माझी होती, आणि तू ती करू नयेस म्हणून एवढं लिहितोय.

खांद्याचं हे नीट समजावं म्हणून बाविसाव्या मॅचची नववी इनिंग सांगतो. १४ सप्टेंबर, समोर कॅन्सस सिटी, क्लीव्हलंड १-२ नं मागे. दोन आउट. पहिल्या बेसवर एक जण. पिचर केल्विन हेरेरा, उजव्या हाताचा, तुफान वेगाचा. बॅटवर फ्रान्सिस्को लिंडोर, तो दोन्ही हातांनी खेळतो, तेव्हा डावखुरा उभा होता. दोन स्ट्राईक झालेले. एक स्ट्राईक आणखी, की सगळं संपलं. अशा वेळी बहुतेक जण बॉल आपल्या बाजूला ओढायला जातात, कारण ताकद तिकडे असते. लिंडोरनं बॉल आत येऊ दिला आणि उलट्या बाजूला, डाव्या मैदानाकडे मारला. तिथली भिंत १९ फूट उंच आहे. अ‍ॅलेक्स गॉर्डन या कॅन्सस सिटीच्या फील्डरनं भिंतीपाशी उडी मारली, बॉल त्याच्या हातमोज्याच्या पलीकडे भिंतीवर आदळला. पहिल्या बेसवरचा धावपटू घरी, म्हणजे होम प्लेटवर पोचला, एक रन, २-२. दहाव्या इनिंगला रमिरेझनं जीव तोडून धावत एका हिटचा डबल केला, एनकार्नासिओनला वॉक मिळाला आणि जे ब्रूसनं उजव्या रेषेजवळून मारलेल्या बॉलवर रमिरेझ घरी आला. ३-२.

त्या मॅचमध्ये क्लीव्हलंडची बॅट चालली असं कुणी म्हणणार नाही, दहा इनिंगमध्ये तीन रन. पण लिंडोरचा तो खांदा बंद होता. बावीस मॅचमध्ये माझ्या मते सगळ्यात मोलाचा स्विंग तो, एकेचाळीस होमरनपेक्षाही. दुसऱ्या दिवशी त्याच कॅन्सस सिटीनं त्यांना ४-३ असं हरवलं.

पुढचंही तुला माहीत असायला हवं. क्लीव्हलंडनं हंगामात १०२ मॅच जिंकल्या आणि ऑक्टोबरमध्ये यांकीजविरुद्ध पाच मॅचच्या मालिकेत २-० आघाडी घेऊन पुढच्या तीनही मॅच हरले. तिसऱ्या मॅचमध्ये एकही रन नाही, ०-१. त्या मालिकेत रमिरेझ २० पैकी २, लिंडोर १८ पैकी २. महिन्यापूर्वी ज्यांना आउट करणं अशक्य वाटत होतं तीच ही दोन माणसं. ते बॅटिंग विसरले नव्हते. समोरचं पिचिंग उत्तम होतं, मॅच थोड्या होत्या आणि बॉल फील्डरच्या हातात जात होते. म्हणून तुझ्या मुलींपैकी कुणी पुढच्या महिन्यात सलग तीनदा आउट झाली तर तिची उभं राहण्याची पद्धत बदलायला जाऊ नकोस. आधी वहीत बघ.

कुठली वही, ते सांगतो. स्कोअरशीटशिवाय एक वेगळी वही ठेव आणि तिच्यात रन लिहू नकोस. प्रत्येक मुलीच्या प्रत्येक बॅटिंगला तीनच खुणा: बाहेरचा बॉल सोडला का, पहिल्या स्ट्राईकआधी किती बॉल बघितले, आणि बॅटवर बॉल घट्ट बसला का (मग तो हिट झाला काय आणि आउट झाला काय). घट्ट बसलेला आउट हा माझ्या वहीत बरोबरचा टिक असतो. ही वही राखीव मुलींपैकी एकीकडे दे. जी मुलगी मॅचभर या खुणा करते तिची नजर एका मोसमात तयार होते, हे मी दोनदा बघितलंय. सात मॅचमध्ये रन कितीही वाढले असोत, या तीन खुणा वाढल्या नसतील तर तुझ्या टीमची बॅट सुधारलेली नाही, तिला सोपं पिचिंग मिळालंय. आणि खुणा वाढल्या असतील तर रन कमी झाले तरी घाबरायचं कारण नाही.

सरावाचं विचारलंस, तर बॉल सत्तरच ठेव. त्यातले पंचवीस टीवर, टी प्लेटच्या बाहेरच्या कडेला आणि थोडी मागे ठेवून, फक्त उलट्या बाजूला मारायचे. दहा बॉल असे की स्विंग करायचाच नाही, पिचर टाकेल आणि मुलीनं नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ ओरडायचं, बॉल हातमोज्यात पडायच्या आत. मुलींना हे कंटाळवाणं वाटेल, पहिले दोन दिवस तक्रार होईल. उरलेला वेळ पिचर आणि कॅचरला दे. तुझ्या डावखुऱ्या पिचरचा तू उल्लेखच केला नाहीस, सात मॅचमध्ये तिनं किती रन दिले ते मला कळव. माझा अंदाज आहे की तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथं आहे. तिचा हात जप. लागोपाठच्या दिवशी मॅच असेल तर आदल्या दिवशी तिला सरावात टाकायला लावू नकोस.

आणि शनिवारच्या मॅचला जमलं तर पहिल्या बेसच्या बाजूनं चौथ्या क्रमांकाच्या मुलीचा स्विंग मोबाईलवर घे, समोरून नको, बाजूनं. पुढचा खांदा बॉलच्या आधी उघडतोय का, एवढंच बघायचंय. व्हिडिओ पाठव, रात्री बघतो.